माल हवेत असताना

आमच्या वहिनीला उंचीची भीती नाही, वाऱ्याची नाही, सुपरवायझरची तर मुळीच नाही. पावाच्या चुऱ्याला मात्र ती भिते. हसू नका. आधी मीही हसलो होतो. पुढे तिची एक रात्र डोळ्यांनी बघितली आणि कानाला खडा लावला.

वहिनी टॉवर क्रेन चालवते. बांधकामाच्या मधोमध तो लोखंडी मनोरा, त्याच्या टोकाला काचेची केबिन आणि केबिनमध्ये आमची वहिनी. मी तिचा सिग्नलवाला. माल जिथे उतरायचा तिथे मी उभा राहतो आणि वॉकीटॉकीवर सांगतो: डावीकडे, उजवीकडे, खाली, थांब. वरून तिला अर्धं दिसतच नाही, जे दिसत नाही ते मी बोलायचं. माझा थोरला भाऊ, म्हणजे तिचा नवरा, आलेला माल हाताने धरून जागेवर बसवतो. त्यामुळे घरची भांडणंसुद्धा आमच्याबरोबर कामावर येतात. "उंटावरून शेळ्या हाकतेस," असं मी तिला रोज म्हणतो. ती म्हणते, "शेळ्यांनी तोंड जरा कमी चालवावं, भाऊजी."

थंडीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तिच्या आजाराला नाव दिलं. सिलिअ‍ॅक. गव्हात, जवात आणि राय नावाच्या एका धान्यात ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर आपल्याच आतड्यावर तुटून पडतं. औषध नाही, गोळी नाही. खायचं नाही, कणभरही नाही आणि जन्मभर नाही, एवढाच इलाज. त्याआधी वर्षभर ती वाळत चालली होती. दोनदा तर काम अर्धवट सोडून तिला क्रेनवरून उतरावं लागलं होतं. आमचा सुपरवायझर कमरेला कायम टेप लावून फिरतो, म्हणून पाठीमागे त्याला सगळे मोजपट्टी म्हणतात. दुसऱ्या वेळी त्याने तिला सगळ्यांच्या देखत सुनावलं, "तिसऱ्यांदा असं झालं तर गोदामात बसवीन. मला वर भरवशाचं माणूस पाहिजे."

त्याचंही काही चुकलं नाही म्हणा. पण केबिन म्हणजे वहिनीचा जीव की प्राण. तिथवर पोचायला तिने काय काय सोसलंय ते मी पाहिलंय. गोदामात खिळे मोजत बसली असती तर आजारापेक्षा त्यानेच खचली असती.

मग आजाराला नाव मिळालं तेव्हा दादाने घरातल्या घरात फर्मान काढलं. "साइटवर कुणाला कळता कामा नये. आजार आहे म्हटलं की संपलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

वहिनी म्हणाली, "अरे, पण सांगायला काय हरकत आहे? खाणं सांभाळलं की मी धडधाकट आहे."

"तू वर बघ, खाण्याचं मी बघतो."

आणि खरंच बघितलं हो त्याने. घरातून पाव हद्दपार. बिस्किटं हद्दपार. जुनी चाळणी, लाकडी चमचे, पोळपाट, सगळं शेजारच्यांना देऊन टाकलं. एकदा माझ्या सुरीला लागलेला पावाचा चुरा लोण्यात गेला. ते लोणी वहिनीने खाल्लं आणि अख्खी रात्र न्हाणीघराच्या दाराशी बसून काढली. ती रात्र मी वर म्हटली तीच. दादा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मग मी पाव खायचा तर रस्त्यावर जाऊन, चोरून सिगारेट ओढतात तसा. वहिनी भात, बटाटे, अंडी, मक्याचं पीठ यावर राहू लागली आणि बघता बघता चेहऱ्यावर रंग आला. ती दुकानात पाकिटं उलटीसुलटी करून वाचायला शिकली होती. पण दादाला तेही खपायचं नाही. तो तिच्या हातातून पाकीट काढून घ्यायचा. "दे इकडे, मी वाचतो." माया होती ती, नाही म्हणत नाही. पण माया करणारा माणूस कधीकधी डोक्यावरच बसतो.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. वारा असला की माल उचलायचा नाही, पण वहिनीला केबिनमध्ये बसून राहावं लागतं, कधी वारा पडेल सांगता येत नाही म्हणून. निघायच्या घाईत तिचा डबा घरीच राहिला होता. दादाला वाटलं तिने घेतला, तिला वाटलं दादाने. मला काही वाटायचा प्रश्नच नव्हता, मी आपला रस्त्यात पाव खात होतो.

वर केबिनपर्यंत शिडी चढून जाणं म्हणजे अर्धा जन्म. म्हणून खाणंपिणं आम्ही दोरीला कापडी थैली बांधून वर ओढायला देतो. दादा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, सुपाचं पाकीट आणलं. त्याने पाठीमागची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचली. माझ्यासमोर वाचली. "गहू नाही, मैदा नाही, रवा नाही. बटाटा, मका, मीठ, माल्ट, मसाले. झालं." नव्या कोऱ्या थर्मासात गरम पाणी घालून सूप केलं, पाकीट कचऱ्यात टाकलं आणि थैली वर गेली.

वॉकीटॉकीवर वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, हे काय आहे?"

मी तोंड उघडणार तोच दादाने माझा हात दाबला. आमचा चॅनल साइटवर सगळ्यांना ऐकू येतो, मोजपट्टीलाही. सुपात काय काय आहे ते त्यावर वाचून दाखवायचं म्हणजे झाकली मूठ उघडायची. दादाने माझ्या हातातलं यंत्र घेतलं आणि म्हणाला, "सूप आहे. मी बघितलंय. पी निवांत."

मग ती म्हणाली, "बरं."

दुपारी वारा पडला. मोजपट्टी टेप वाजवत आला. "जिना चढवा. संध्याकाळी परत वारा सुटणार आहे." जिना म्हणजे काँक्रीटचा तयार तुकडा, पायऱ्यांसकट ओतलेला, चार टनांचा. तो आठव्या मजल्यावर जिन्याच्या पोकळीत सोडायचा होता. दादा पोकळीच्या आत, अरुंद फळ्यांच्या माचीवर उभा. मी वरच्या कडेला. माल पोकळीत शिरताना माचीवरच्या माणसाला मागे सरकायला हातभर जागा असते. बाहेर पडायला एक शिडी. म्हणून हे काम आमच्यातच ठेवलेलं; दादाला वहिनीचा हात माहीत, वहिनीला माझा आवाज माहीत.

माल सुरेख वर आला. आमचा एक शिरस्ता आहे. मी जे म्हणेन ते ती परत म्हणते आणि मगच केबिनमधला क्रेनचा दांडा हलवते. "उजवीकडे." "उजवीकडे." "सावकाश." "सावकाश." जिना पोकळीच्या तोंडाशी आला, दादाच्या डोक्यावर चार-पाच हात राहिला.

"थोडं डावीकडे," मी म्हणालो.

उत्तर नाही.

"वहिनी, थोडं डावीकडे."

"डावीकडे," ती म्हणाली आणि माल उजवीकडे गेला.

थोडासाच गेला आणि थांबला. पण गेला उलटा. इतक्या वर्षांत तिची दिशा चुकलेली मला आठवत नाही.

"वहिनी, डावीकडे म्हटलं मी."

"हो. डावीकडे. हो." जीभ जड झालेली. दोन श्वास. मग एकदम हळू, "कळ आली, भाऊजी."

मला सगळं कळलं. लोण्याच्या रात्री अशीच सुरुवात झाली होती. आधी डोक्यात धुकं, शब्द सापडत नाहीत. मग पोटात एकामागून एक कळा, माणूस पार दुमडतो. आणि ही बाई आभाळात बसलेली, हुकाला चार टन, आणि त्याखाली माझा सख्खा भाऊ.

मी पोकळीत वाकलो. "दादा, बाहेर ये! वर ये आधी!"

त्याने मान वर केली. त्यालाही कळलं होतं, चेहऱ्यावरनं दिसत होतं. पण तो हलेना. "ओरडू नको," दातांतल्या दातांत म्हणाला, "मोजपट्टी खाली उभाय. मी बाहेर आलो तर सगळ्यांना कळेल काहीतरी बिनसलंय."

"अरे बिनसलंयच! तिला डावं-उजवं कळत नाहीये!"

"कळ जाईल. दोन मिनिटं थांब तिच्यासाठी. ती करेल नीट. माझ्यावर तिचा हात कधी चुकलेला नाही."

मी तापट आहे, सगळी साइट सांगेल. त्याला काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. दगडा, असं एक म्हणालो, ते त्यातलं सगळ्यात सभ्य. तो तसाच फळीवर पाय रोवून उभा. बायकोची केबिन वाचवायला स्वतःचं डोकं मालाखाली धरून उभा होता तो शहाणा! असा राग आला मला, आणि त्याच वेळी त्याचा हात धरून लहान मुलासारखं ओढून काढावंसं वाटलं.

आमच्या कामात एक नियम आहे. माल हलवायचा तर फक्त सिग्नलवाल्याने सांगायचं. पण "थांब" म्हणायचा हक्क साइटवर झाडूवाल्यापासून सगळ्यांना आहे. कुणीही थांब म्हटलं की क्रेन थांबते, माणसं बाहेर निघतात, आणि का थांबवलं याची चौकशी होते. माझा अंगठा बटणावर होता. थांब म्हणालो तर तिसरी वेळ. वहिनीची केबिन माझ्या तोंडून जाणार. गप्प राहिलो तर... मला पुढचा विचारच करवेना. एवढा बडबड्या मी, पण अंगठा काही बटण दाबेना.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. मोठी नव्हती, पण जिना हलला, पोकळीच्या कडेला धडकला. काँक्रीटचा कपचा उडाला आणि दादाच्या हेल्मेटवर टणकन वाजला. दादा भिंतीला चिकटला.

आणि वॉकीटॉकीवर वहिनी बोलली. सगळ्या साइटला ऐकू जाईल अशी.

"थांब. मी थांब म्हणतेय. मला बरं वाटत नाहीये. माणसं बाजूला घ्या. माझ्या नवऱ्याला आधी."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने वर माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून त्याची कॉलर धरली आणि शिडीवरून अक्षरशः खेचून काढलं. तो कडेला येऊन बसला. मग मी बटण दाबलं. "दादा बाहेर आहे. वहिनी, खाली कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिचा श्वास फाटल्यासारखा झाला. रडली असावी.

पण माल हवेत होता. दांडा सोडला की क्रेन आपोआप थांबते, माल काही खाली येत नाही. तसाच टांगून ठेवला असता तर संध्याकाळच्या वाऱ्याने घड्याळाच्या लंबकासारखा डोलून इमारतच फोडली असती. आणि दुसरा क्रेनवाला शिडी चढून वर पोचेपर्यंत वारा वाट बघणार नव्हता. उतरवायचा तर तिलाच.

"काय चाललंय तिकडे?" मोजपट्टी यंत्रावर ओरडला. "कोण आजारी? मला कुणी—"

"साहेब, चॅनल मोकळा ठेवा!" मी त्याच्यावर डाफरलो. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तो गप्प बसला, तेही पहिल्यांदाच.

"वहिनी, ऐक. आता डावं-उजवं विसर. तुला शेजारच्या शाळेच्या छतावरची घंटा दिसते ना? आणि त्या बाजूला रस्ता?"

"दिसते. घंटा दिसते."

"मी म्हणेन शाळेकडे, नाहीतर रस्त्याकडे. बाकी काही नाही. कळ आली की दांडा सोड आणि मला सांग. घाई नाही. मी इथेच आहे, कुठे जाणार?"

"शेळ्या," ती काहीतरी म्हणाली. विनोद करायला गेली असेल. पुढचं कण्हण्यात गेलं.

खाली आवार मोकळं केलं गेलं. मोजपट्टी स्वतः हात पसरून माणसं मागे हाकत होता. मी सांगत राहिलो. शाळेकडे. शाळेकडे. अजून. ती परत म्हणायची, आवाज कधी आतून आल्यासारखा, कधी नुसता ओठांवरचा. मध्येच, "आली." मग माल हवेत डुलत उभा आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे. दादा माझ्याशेजारी गुडघ्यात डोकं घालून बसलेला. तो एकदाही वर बघत नव्हता. मग, "गेली. सांगा." परत शाळेकडे. आता खाली. खाली. पुन्हा, "आली." एका वेळी ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं, शुद्ध हरपली. मी उगीच बोलत सुटलो. सकाळी दुकानात सुटे पैसे नव्हते, माझा पाव शिळा होता, बुटाचा तळ निघालाय. काहीही. माझा आवाज थांबला तर ती वर एकटी पडेल, एवढंच डोक्यात होतं.

"भाऊजी, गप्प बसा," ती अखेर म्हणाली, "गेली कळ. सांगा."

जिना आवारातल्या ओंडक्यांवर टेकला तेव्हा खालच्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीचं बोट बटणावर तसंच राहिलं होतं, त्यामुळे पुढची उलटी सगळ्या साइटने ऐकली. टाळ्या थांबल्या.

मी शिडी चढून वर गेलो आणि तिच्याखाली एक-एक पायरी उतरत तिला खाली आणली. चेहरा चुन्यासारखा, ओठ फुटलेले. खाली पाय टेकल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली. "पाकीट कुठाय?"

मी कचऱ्यातून काढून आणलं. तिने एकदा नजर फिरवली. "माल्ट," ती दादाकडे बघत म्हणाली. "माल्ट म्हणजे जव, अरे. डॉक्टरांनी तीन धान्यं सांगितली होती. तू एकच लक्षात ठेवलंस."

दादाने पाकीट घेऊन परत एकदा वाचलं. काय बोलणार? घरातली चाळणीसुद्धा देऊन टाकणारा माणूस तो.

मोजपट्टी आला. त्याच्या मागे निम्मी साइट. वहिनी सिमेंटच्या गोणीवर बसलेली. तो तिच्याकडे बघत राहिला. रागावलेला होता, पण घाबरलेलाही होता. "काय झालं तुला?"

दादा पुढे झाला. मला त्याचा चेहरा बघूनच कळलं, आता हा मूठ झाकणार. "शिळं खाल्लं, साहेब. डबा घरी राहिला, कोपऱ्यावरून काहीतरी आणलं मी. पोट बिघडलं. माझी चूक."

मोजपट्टीचा चेहरा सैल झाला. "असं होय. शिळं खाल्लं की माझंही होतं." त्याने टेप ओढली, सोडली. "बरं, आज घरी जा. माल नीट उतरवलास, ते मी बघितलं. शिळ्या अन्नाने तिसरी वेळ धरत नाही मी. उद्या ये."

संपलंच होतं. केबिन वाचली होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू. मी वहिनीला उठवायला हात पुढे केला.

तिने तो धरला नाही. ती दादाकडे बघत होती.

"साहेब, शिळं नाही खाल्लं," ती म्हणाली. "मला आजार आहे. जन्मभराचा आहे. गहू, जव, राय, यातलं चिमूटभर पोटात गेलं की असं होतं. नाही गेलं तर माझ्यासारखा हात तुमच्याकडे दुसरा नाही. आज वर थर्मास आला तेव्हा यात काय आहे हे मला चॅनलवर विचारता आलं नाही. कारण तुम्ही ऐकाल अशी आम्हाला भीती होती."

"अगं, मिटलं होतं ना सगळं," दादा रडवेला होऊन पुटपुटला. "मिटलं होतं. कशाला?"

"आज खाली तू होतास," वहिनी म्हणाली. "उद्या तुझ्या जागी दुसऱ्या कुणाचा नवरा असेल. त्याच्या बायकोला मी काय सांगू? झाकली मूठ?"

दादा मटकन खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडला. मला त्याच्याकडे बघवेना. मोजपट्टीने टोपी काढली, परत घातली.

"केबिनची किल्ली दे," तो शेवटी म्हणाला.

तिने गळ्यातल्या दोरीसकट किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"डॉक्टरांचा कागद आण. मग बघतो. काय होईल ते आत्ता सांगत नाही मी."

"आणते."

तो वळला. चार पावलं गेला, थांबला आणि किल्ली तशीच मुठीत धरून परत आला. कपाळावर आठ्या. एखाद्या मापाचा हिशोब चुकल्यावर येतात तशा.

"मग तुला चालतं तरी काय?" त्याने विचारलं.

वहिनीने पाठ ताठ केली, पोटावरचा हात काढला आणि सांगायला लागली. मागे उभी असलेली माणसं ऐकायला जरा पुढे सरकली.